ज्वालामुखी आणि वरच्या हवेचें उष्णतामान

सन १८८३ च्या सप्टेंबर महिन्यांत मद्रास इलाख्यांत व सिलोनमध्यें लोकांना एक विलक्षण देखावा पाहावयास मिळाला. सूर्य उगवला तो हिरवा आणि मावळला तोहि हिरवा. मधूनच त्यावर निळसर झांक दिसे. ढग नाहींत, वादळ नाहीं, आणि तरीहि दिनमणीनें आपला नेहमींचा वर्ण टाकलेला! कांहीं दिवस हा प्रकार चालला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांतील अध्यापक मिची स्मिथ यांनीं त्या हिरव्या प्रकाशाचें वर्णपटदर्शक यंत्रानें निरीक्षण करून तें टिपून ठेवलें. या चमत्काराचें मूळ मद्रासपासून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर होतें. जावा व सुमात्रा यांच्यामधील सामुद्रधुनींत असलेलें क्राकातोआ नांवाचें बेट त्याच वर्षीं २७ ऑगस्ट रोजीं फुटलें होतें.

त्या स्फोटाची हकीकत पुष्कळांच्या वाचनांत आलेली असते. समुद्राच्या लाटांनीं किनाऱ्यावरील गांवें धुऊन नेलीं आणि ३६,००० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. स्फोटाचा आवाज हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज बेटावर, सुमारें ४,८०० किलोमीटरांवर, दूरच्या तोफांसारखा ऐकूं आला. हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभोवतीं फिरत राहिली व वायुभारमापकांनीं ती सात वेळां टिपली. परंतु येथें ज्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे ती याहून शांत आणि याहून दीर्घकाळ टिकलेली होती. होनोलुलु येथील पाद्री सेरेनो बिशप यांना ५ सप्टेंबर रोजीं सूर्याभोवतीं एक फिकट तांबूस कडें दिसलें. ठिकठिकाणच्या अशा नोंदी तारीखवार जुळवून पाहतां असें आढळलें कीं, क्राकातोआचें धुकें विषुववृत्ताच्या बाजूनें पश्चिमेकडे वाहात गेलें आणि सुमारें तेरा दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आलें. नोव्हेंबरांत तें उत्तरेकडे पसरलें, तेव्हां अमेरिकेंतील पोकीप्सी व न्यू हेवन या गांवीं संध्याकाळचें लालभडक आकाश पाहून आग लागल्याच्या समजुतीनें बंब धांवले. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८८८ सालीं क्राकातोआवर जो मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत या संधिप्रकाशांचीं वर्णनें पानेंच्या पानें भरून आहेत.

एवढें सारें पाहिलें गेलें. पण एक गोष्ट कोणालाहि मोजतां आली नाहीं. ज्या उंचीवर तें धुकें पसरलें होतें तेथील हवा त्यामुळें तापली, कीं निवली? खालच्या जमिनीला थोडा गारवा आला असावा, हें अनुमान शेतकऱ्यांच्या अनुभवावरून व वेधशाळांच्या दप्तरांवरून काढतां येतें. वर मात्र उष्णतामापक न्यावयाचा कसा, हाच प्रश्न होता. त्या प्रश्नाचें उत्तर मिळावयास ऐंशीं वर्षें लागलीं, आणि तें मिळालें तेव्हां सामान्य समजुतीच्या उलट निघालें. ज्वालामुखी जमिनीला थंड करतो, आणि त्याच वेळीं आकाशाचा वरचा थर तापवितो.

हें समजण्यासाठीं प्रथम आकाशाची रचना थोडी पाहिली पाहिजे. उंच जावें तसतशी हवा थंड होत जाते, हें महाबळेश्वरास जाणाऱ्या कोणालाहि सांगावें लागत नाहीं. दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंश सेंटिग्रेड असें तें उतरण असतें. एकोणिसाव्या शतकांत सर्वसाधारण समजूत अशी होती कीं, ही उतरण थेट अंतराळापर्यंत अशीच चालूं राहत असेल. पॅरिसजवळील त्राप या गांवीं तेसरां द बोर या फ्रेंच संशोधकानें आपोआप नोंद करणारीं यंत्रें बांधून शेंकडों फुगे वर सोडले, आणि त्याला आढळलें कीं, सुमारें ११ किलोमीटरांवर उष्णतामान उतरण्याचें थांबतें. उन्हानें यंत्रच तापून खोटी नोंद करीत असेल अशी शंका घेऊन त्यानें रात्रींहि फुगे सोडले. नोंद तीच आली. सन १९०२ मध्यें त्यानें आपला शोध जाहीर केला, आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बर्लिनच्या आसमान यांनींहि स्वतंत्रपणें तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. खालच्या थराला मराठींत तपांबर म्हणतात व वरच्याला स्थितांबर.

या दोन थरांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. ढग, पाऊस, वादळें हीं सारीं तपांबरांत. स्थितांबरांत पाऊस नाहीं. तेथें उंचीबरोबर हवा थंड होत नाहीं. उलट हळूहळू ऊन होत जाते, कारण तेथील ओझोन वायु सूर्याचे जंबूपार किरण शोषून घेतो. पन्नास किलोमीटरांवर तर उष्णतामान पुन्हां शून्य अंशाच्या आसपास येऊन पोंचतें. युरोपांत या दोन थरांची सीमा ११ किलोमीटरांवर असली तरी उष्ण कटिबंधांत ती १६ ते १७ किलोमीटरांवर असते, आणि तेथें फार कडक थंडी असते. आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या व इतर देशांतील नोंदींच्या आधारें के. आर. रामनाथन् यांनीं १९२९ सालीं ‘नेचर’ पत्रांत दाखवून दिलें कीं, वातावरणाच्या या भागांतील सर्वांत थंड हवा विषुववृत्तावर सुमारें १७ किलोमीटरांवर एखाद्या चपट्या कड्यासारखी पृथ्वीला वेढून आहे. तेथें उष्णतामान उणें ८० अंशांच्याहि खालीं जातें. हें थंड कडें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां ज्वालामुखीकडे वळूं. स्फोटांत राख, खडक, पाण्याची वाफ आणि निरनिराळे वायु बाहेर पडतात. यांतील काय वर टिकतें? जुन्या शास्त्रज्ञांचें उत्तर होतें, धूळ. १७८३ सालीं आइसलंडमधील लाकी येथील भेगांतून महिनोन् महिने उद्रेक चालला होता आणि युरोपवर कोरडें धुकें पसरलें होतें. त्या वेळीं पॅरिसमध्यें असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनीं नमूद केलें आहे कीं, भिंगानें सूर्यकिरण एकत्र केले तरी त्यांनीं तपकिरी कागदहि मुश्किलीनें पेटे. १९१२ सालीं अलास्कांत कटमाईचा उद्रेक झाला, तेव्हां चार्ल्स ॲबट हे अल्जीरियांतील एका खेड्यांत सूर्याची उष्णता मोजण्याच्या कामावर बसले होते. उन्हाचा जोर एकाएकीं कमी झाल्याचें त्यांच्या यंत्रांनीं दाखविलें. पुढच्या वर्षीं अमेरिकन हवामानखात्यांतील विल्यम हम्फ्रीज यांनीं गणित मांडलें कीं, ज्वालामुखीची बारीक धूळ सूर्यप्रकाशाला जितकी अडविते तितकी जमिनीच्या उष्णतेला अडवीत नाहीं. म्हणून खालीं थंडी येते. गणिताची दिशा बरोबर होती. चुकली ती धूळ.

राखेचा कण कितीहि बारीक दिसला तरी हवेंत तो जड आहे. बहुतेक राख कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत खालीं बसते. टिकतो तो गंधक. गंधक जाळला असतां नाकांत झणझणणारा जो वायु निघतो, तोच सल्फर डायऑक्साईड ज्वालामुखीच्या मुखांतून लक्षावधि टन बाहेर पडतो. तो स्थितांबरांत पोंचला म्हणजे तेथील अल्पशा पाण्याच्या वाफेशीं व इतर द्रव्यांशीं त्याचा संयोग होऊन कांहीं आठवड्यांत त्याचें गंधकाम्ल बनतें. या तीव्र अम्लाचे अतिसूक्ष्म थेंब तयार होतात. एका मिलीमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाच्या आंत बाहेर त्यांचा आकार. जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियन युंगे यांनीं १९६० च्या सुमारास फुग्यांतून कण गोळा करणारीं यंत्रें पाठवून स्थितांबरांतील हा गंधकमय थर शोधून काढला. पाऊस नाहीं म्हणून ते धुतले जात नाहींत, आणि इतके हलके कीं लवकर बसतहि नाहींत. वर्ष-दोन वर्षें ते तेथें तरंगत राहतात, आणि वरच्या वाऱ्यांबरोबर हळूहळू विषुववृत्तापासून ध्रुवांकडे सरकतात.

म्हणून ज्वालामुखीचा दरारा त्याच्या गर्जनेवरून ठरवूं नये. १९८० सालीं अमेरिकेंतील सेंट हेलेन्स पर्वताची एक बाजू उडून गेली. तीं छायाचित्रें जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलीं. पण त्यांत गंधक थोडा होता, आणि मुख्य स्फोटाचा रोंख आडवा होता. हवामानावर त्याचा म्हणण्यासारखा ठसा उमटला नाहीं. दोन वर्षांनीं मेक्सिकोंतील एल चिचोन नांवाचा एक फारसा कोणाच्या ऐकण्यांत नसलेला डोंगर फुटला. सुमारें २,००० माणसें मेलीं आणि सुमारें ७० लाख टन सल्फर डायऑक्साईड वर गेला. छायाचित्रें थोडीं, पण आकाशानें याचीच दखल घेतली.

हें अम्लाचें पटल खालीं थंडी व वर ऊब, अशीं दोन कामें एकाच वेळीं कशीं करतें? चैत्र-वैशाखांत दारापुढें लग्नाचा मांडव घातलेला असतो. खालीं बसलेल्या पाहुण्यांना सावली लाभते. पण कोणी शिडीवर चढून वरच्या कापडाला हात लावून पाहावा. तें चांगलेंच तापलेलें असतें. जें ऊन जमिनीवर यावयाचें त्यांतलें कांहीं परत फिरलें, कांहीं कापडानें आपल्यांत मुरविलें. गंधकाम्लाच्या थेंबांचें पटल हा पृथ्वीवर घातलेला असाच एक विरळ मांडव होय. दृष्टान्त येथपर्यंत ठीक चालतो. पुढें मात्र तो थोडा सोडावा लागतो. कारण हे थेंब दृश्य प्रकाश जवळजवळ शोषीतच नाहींत. ते त्याला इतस्ततः विखुरतात, आणि त्यांतील कांहीं भाग अंतराळांत परत जातो. जमिनीला थंडी येते ती या परत गेलेल्या प्रकाशामुळें. थेंब जे किरण शोषून घेतात ते डोळ्यांना न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे, उष्ण किरण होत. त्यांतील कांहीं सूर्याकडून वरून येतात. पण मोठा वांटा खालून येतो. तापलेली जमीन आणि समुद्र रात्रंदिवस आपली उष्णता वर सोडीत असतात. शेगडीवर धरलेल्या तळहातासारखें हें पटल ती उष्णता घेतें आणि सभोंवतालच्या हवेला देतें.

शेगडी जेथें जास्त तापलेली आणि हात जेथें जास्त गारठलेला, तेथें फरक अधिक जाणवणार हें उघड आहे. उष्ण कटिबंधांत समुद्र सर्वांत उबदार व त्यावरचें स्थितांबराचें तळ सर्वांत थंड. म्हणून पटलाची ऊब विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सर्वांत जास्त असते. आणखी एक कारण आहे. पंचवीस किलोमीटरांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढाच राहतो. पळीभर पाणी तापवावयास हंडाभर पाण्याइतका जाळ लागत नाहीं. त्याचप्रमाणें इतक्या विरळ हवेला थोडीशी उष्णता मिळाली तरी तिचें उष्णतामान झपाट्यानें चढतें. खालीं मात्र समुद्रासारखा प्रचंड हंडा आहे. तो सहसा हालत नाहीं. म्हणूनच वर अंशांच्या भाषेंत बोलावें लागतें, तर खालीं अंशाच्या अपूर्णांकांत.

आतां हें सारें मोजलें कसें गेलें तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धानंतर जगांतील शेंकडों हवामानकेंद्रांवरून रोज फुगे सोडण्याची पद्धत रूढ झाली. फुग्याखालीं छोटें उष्णतामापक व ध्वनिक्षेपक बांधलेलें असतें आणि तें वर जातां जातां नभोवाणीनेंच आपली नोंद खालीं कळवीत असतें. ही व्यवस्था बसल्यावर पहिला मोठा गंधकी उद्रेक झाला तो १९६३ सालीं, बाली बेटांतील आगुंग पर्वताचा. त्या पर्वताच्या दक्षिणेस ऑस्ट्रेलिया. आणि ऑस्ट्रेलियाचीं केंद्रें नित्याप्रमाणें फुगे सोडीत होतीं. उद्रेकानंतर कांहीं महिन्यांत सुमारें वीस किलोमीटरांवरील हवा नेहमींपेक्षां कित्येक अंशांनीं ऊन असल्याचें त्या नोंदींत उमटलें. अमेरिकेंतील रेजिनल्ड न्यूवेल यांनीं १९७० सालीं या नोंदींचा अर्थ स्पष्टपणें मांडला. क्राकातोआच्या वेळीं अनुत्तरित राहिलेला प्रश्न अशा रीतीनें सुटला. ज्यांनीं रोजच्या रोज फुगे सोडले त्या कारकुनी वाटणाऱ्या कामाचें हें श्रेय होय. आगुंगसाठीं म्हणून कोणी कांहीं केलेलें नव्हतें.

एल चिचोनच्या वेळीं फुग्यांच्या जोडीला कृत्रिम उपग्रह आले होते. आणि मग १९९१ साल उजाडलें. फिलिपाईन्समधील लुझोन बेटावरचा पिनातुबो हा पर्वत सुमारें पांच शतकें निद्रिस्त होता. त्यानें एप्रिलपासून कुरकुर सुरू केली. फिलिपाईन व अमेरिकन भूशास्त्रज्ञांनीं वेळेवर इशारा दिला आणि हजारों कुटुंबें हलविण्यांत आलीं. १५ जून रोजीं मुख्य स्फोट झाला. त्याच दिवशीं नेमकें एक चक्रीवादळ बेटावरून जात होतें. पावसानें राख भिजून जड झाली आणि घरांचीं छपरें कोसळून कित्येक शें माणसें दगावलीं. इशारा दिला नसता तर ही संख्या कित्येक हजारांवर गेली असती.

स्फोटाचा स्तंभ सुमारें ३५ किलोमीटर उंच गेला. उपग्रहावरील यंत्रांनीं मोजलें तें असें कीं, दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साईड स्थितांबरांत शिरला. सुमारें तीन आठवड्यांत त्या मेघानें पृथ्वीला वेढा घातला आणि वर्षभरांत पटल दोन्ही ध्रुवांकडे पसरलें. सप्टेंबर उजाडतां उजाडतां विषुववृत्तापासून उत्तरेस तीस अंशांपर्यंतच्या पट्ट्यांत, सुमारें २४ किलोमीटरांवर, हवा सव्वीस वर्षांच्या सरासरीहून अडीच अंशांपर्यंत ऊन झालेली आढळली. संपूर्ण पृथ्वीची सरासरी घेतली तरी स्थितांबराचा खालचा भाग एक अंशाहून अधिक तापला होता. त्याच वेळीं खालीं काय चाललें होतें? १९९२ मध्यें भूपृष्ठाचें सरासरी उष्णतामान सुमारें अर्ध्या अंशानें उतरलें. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें उतरणार, आणि साधारण इतकेंच उतरणार, असें आधींच गणित करून छापलें होतें. हवामानाच्या बाबतींत भाकीत आधीं छापून मग निसर्गाची वाट पाहण्याचें धैर्य थोडेच दाखवितात.

हें पटल हिंदुस्थानावरूनहि गेलें आणि तें येथें मोजलेंहि गेलें. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनें रात्रीं आकाशांत लेसर प्रकाशाचे झोत सोडून परत येणाऱ्या अंधुक उजेडावरून पटलाची उंची व दाटी ठरविली, आणि हैदराबादेहून फुगे सोडून त्याच्या थराचा वेध घेतला. याच प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणजे ते थंड कडें दाखवून देणारे रामनाथन् होत. ते मात्र त्यापूर्वींच, १९८४ सालीं, निवर्तले होते.

एखादा चिकित्सक श्रोता येथें विचारील कीं, वरची हवा इतर कारणांनींहि तापते-निवते, मग ही ऊब ज्वालामुखीचीच कशावरून? शंका रास्त आहे. विषुववृत्तावरील स्थितांबरांतले वारे सुमारें सव्वादोन वर्षांच्या चक्रानें दिशा पालटतात. कांहीं काळ पूर्वेकडून, कांहीं काळ पश्चिमेकडून. क्राकातोआचें धुकें पश्चिमेकडे गेलें तें या पूर्ववाऱ्यांवर आरूढ होऊन. हा हेलकावा १९६० च्या सुमारास ओळखला गेला, आणि त्याच्याबरोबर तेथील उष्णतामानहि कांहीं अंशांनीं वर-खालीं होतें. शिवाय एल चिचोन व पिनातुबो या दोन्ही वेळीं प्रशांत महासागरांत एल निन्यो चालूं होता. म्हणून संशोधकांना वजाबाकी करावी लागली. वाऱ्याच्या हेलकाव्याचा वांटा काढा, महासागराचा काढा, सूर्यावरील डागांच्या चक्राचा काढा. मग जें उरेल तें ज्वालामुखीचें. एवढें काढूनहि १९६३, १९८२ व १९९१ च्या पुढचीं तीन शिखरें आलेखावर उभींच राहतात. अशी ऊब उत्तर ध्रुवाभोवतींच्या हिंवाळी वाऱ्यांना जोर देते व त्यामुळें युरोपचा हिंवाळा सौम्य होतो, असेंहि एक मत आहे. त्याविषयीं अलीकडे बराच मतभेद झाला आहे, तेव्हां तें येथें नुसतें नोंदून पुढें जावें हें बरें.

त्या आलेखांत याहून अधिक विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. एल चिचोनची ऊब दोनेक वर्षांत ओसरली. पण उष्णतामान पूर्वींच्या पातळीवर येऊन थांबलें नाहीं. तें तिच्याहि खालीं गेलें आणि तेथें राहिलें. पिनातुबोनंतर पुन्हां तसेंच झालें. जिन्याची पायरी उतरावी तशी दर शिखरानंतर एक पायरी खालीं. या उतरंडीचें मुख्य कारण ज्वालामुखी नव्हे. माणसानें शीतकपाटांत व फवाऱ्यांत वापरलेल्या क्लोरीनयुक्त वायूंनीं ओझोन घटविला, म्हणजे स्थितांबरांतली ऊन धरणारी वस्तूच कमी केली. दुसरें कारण कार्बन डायऑक्साईड. खालीं तो उष्णतेला अडवितो, पण वरच्या विरळ हवेंत तोच उष्णता अंतराळांत टाकून देतो, आणि म्हणून तेथें गारवा वाढतो. ज्वालामुखीचाहि यांत एक लहानसा हात आहे. अम्लाच्या थेंबांच्या पृष्ठभागावर अशा रासायनिक क्रिया घडतात कीं, त्यांमुळें क्लोरीनला ओझोन खाण्यास अधिक मोकळीक मिळते. पिनातुबोनंतर १९९२-९३ मध्यें ओझोनचें प्रमाण नेहमींपेक्षां खालीं गेलेलें आढळलें. नव्वद सालच्या दशकाच्या उत्तरार्धापासून खालच्या स्थितांबरांतली ही उतरंड पुष्कळशी थांबली. क्लोरीनयुक्त वायूंवर आंतरराष्ट्रीय करारानें घातलेल्या बंदीचा त्यांत वांटा आहे.

ज्वालामुखी म्हणजे वर ऊब, असा नियम आतां बसला असें वाटूं लागलें असतां एका स्फोटानें तो उलटा करून दाखविला. १५ जानेवारी २०२२ रोजीं दक्षिण प्रशांत महासागरांतील टोंगा राष्ट्राच्या हद्दींत हुंगा नांवाचा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. त्याच्या स्तंभाचें टोंक सुमारें ५७ किलोमीटरांवर, म्हणजे स्थितांबराच्याहि पलीकडे, गेलें. पण त्याचें मुख समुद्राच्या पाण्याखालीं फार खोल नव्हतें. त्यामुळें वर गेला तो मुख्यतः गंधक नव्हे, तर पाण्याची वाफ. तिचें वजन सुमारें १५ कोटी टन. सबंध स्थितांबरांत एरव्हीं जितकी वाफ असते तिचा दहावा हिस्सा एका दिवसांत वर चढला. गंधकवायु पिनातुबोच्या मानानें अगदींच अल्प होता.

स्थितांबर ही वातावरणांतली अतिशय कोरडी जागा. तेथें वाफ वाढली म्हणजे ती, कार्बन डायऑक्साईडप्रमाणेंच, आपल्या अंगची उष्णता अंतराळांत टाकूं लागते. पुढच्या कांहीं महिन्यांत दक्षिण गोलार्धांतील मधलें स्थितांबर नेहमींपेक्षां सुमारें ४ अंशांपर्यंत थंड झालें. पिनातुबोनें जितकें तापविलें होतें त्याहून थोडें अधिकच हुंगानें निवविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र दोन्हींच्या जागा व उंची निराळ्या होत्या हें विसरूं नये. या वाफेला वरून खालीं यावयास अम्लाच्या पटलाहूनहि अधिक वर्षें लागतात. क्राकातोआहि समुद्रांतलाच ज्वालामुखी होता. त्यानें किती वाफ वर नेली हें आतां कोणी मोजूं शकत नाहीं.

हा सारा अभ्यास केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. ओझोनच्या रसायनशास्त्राबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे पॉल क्रुट्झेन यांनीं २००६ सालीं असा विचार मांडला कीं, पृथ्वीची वाढती उष्णता दुसऱ्या कोणत्याहि उपायानें आवरेनाशी झाली, तर माणसानें स्वतःच दरवर्षीं स्थितांबरांत गंधक सोडून पिनातुबोची नक्कल करावी काय, याचा शोध तरी घ्यावा. पिनातुबोचा मांडव दोन वर्षांत आपोआप उतरला. हा मांडव वर्षानुवर्षें ठेवावा लागेल. खालीं सावली मिळेल हें खरें. पण वरचें कापड तापतेंच, आणि तें सदैव तापलेलें राहील. उष्ण कटिबंधांतील स्थितांबराचें तळ असें कायमचें ऊन झालें, तर वाऱ्यांच्या वाटा व ओझोनचें वांटप हीं दोन्ही बदलतील.

आणि येथेंच रामनाथन् यांचें तें थंड कडें पुन्हां आडवें येतें. तपांबरांतली हवा स्थितांबरांत चढते ती मुख्यतः याच कड्यांतून. तेथील थंडी इतकी तीव्र कीं, हवेंतली बहुतेक वाफ गोठून मागें राहते आणि वर जाते ती जवळजवळ कोरडी हवा. स्थितांबर कोरडें आहे तें या पहारेकऱ्यामुळें. गंधकाच्या पटलानें हें कडें एक-दोन अंशांनीं जरी ऊन केलें, तरी पहारा सैल पडतो आणि अधिक वाफ वर निसटते. ती वाफ वरच्या हवेला निववील, ओझोनच्या घडामोडींत भाग घेईल, आणि खालीं जमिनीची उष्णताहि थोडी अडवून धरील. म्हणजे ज्या सावलीसाठीं मांडव घातला तिचाच कांहीं अंश ती परत घेईल. किती, तें पटल कोणत्या उंचीवर व कोणत्या अक्षांशावर घातलें जातें यावर अवलंबून आहे, आणि निरनिराळ्या गणितांचे आंकडे या बाबतींत एकमेकांशीं अद्याप जुळत नाहींत.